अंगाच्या मापाचं औषध

घरात कुणाचं काही दुखलंखुपलं तर आपण आधी चौकशी करतो. ताप आला तर कपाळाला हात लावतो, पाय मुरगळला तर बसायला खुर्ची देतो. पण दुखणं जाडीचं असलं की चौकशी राहते बाजूला आणि करमणूक सुरू होते! वर जिच्या जिवावर ही करमणूक चालते तिनेही आपल्याबरोबर हसावं, अशी आपली अपेक्षा. पटत नसेल तर पुढची हकीकत वाचा आणि मग आपापल्या घरात एक दिवस नुसतं कान देऊन बसा.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कापड बेतायचं काम करायची. टेबलावर कापडाचे तीस-तीस थर अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि विजेवरचं कटिंग मशीन त्या रेषेवरून फिरवायचं. हे काम करणाऱ्याला मास्तर म्हणतात. ती बाई होती तरी तिला सगळे मास्तरच म्हणायचे. वय सेहेचाळीस. तिच्या कामात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. पण काम दिवसभर उभ्याचं, आणि वाढलेल्या वजनापुढे गुडघ्यांनी हात टेकले होते. रक्तातली साखरही वर सरकायला लागली होती. "असंच चाललं तर दोन वर्षांत टेबल सोडावं लागेल," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चालणं झालं होतं, जेवणावर लगाम घालून झाला होता. दोन किलो उतरायचे आणि तीन परत यायचे. म्हणून सगळ्या तपासण्या करून, घरात कुणाला कसले आजार होते हेही विचारून डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं.

इंजेक्शन पेनासारखं होतं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. तिथेच घात झाला.

"हे काय गं, अंड्यांशेजारी पेन कुणी ठेवलं?" थोरल्या जाऊबाईंनी ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"माझं औषध आहे, ताई. वजनाचं."

"अगंबाई! म्हणजे खायचं तसंच खायचं आणि सुईने बारीक व्हायचं? बरी पळवाट शोधलीस!"

नवरा टपाल कार्यालयात खिडकीवर बसायचा. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि घरी आला की विनोद करायचा. "वहिनी, हिचा धंदाच सुईदोऱ्याचा. आता स्वतःलाच टाके घालून आवळून घेतेय!"

सगळे खो खो हसले. तीही हसली. वीस वर्षं ती अशीच हसत आली होती, कारण नाही हसलं तर 'हिला मुळी विनोदच कळत नाही' हे आणखी ऐकावं लागायचं.

पहिल्या रविवारी तिने पोटाला सुई टोचली. डासाएवढंही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मळमळायला लागलं. नेहमीचं जेवण समोर आलं आणि चार घासांतच पोट गच्च झालं. पण दवाखान्यातल्या सिस्टरने हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. थोडं थोडं खा, सावकाश खा, तळलेलं टाळा, पाणी पीत राहा, पोट साफ होत नसेल तर कळवा. ती तसंच करत होती आणि दुसऱ्या आठवड्यात मळमळ बरीच ओसरली. सारं सुरळीत चाललं होतं. पण सुरळीत चालू देतील तर ती घरची माणसं कसली!

तिसऱ्या रविवारी जाऊबाईंनी वजनकाटा ओढत आणून बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला. "चढ बघू. काय दिवे लावलेत त्या सुईने?"

ती चढली. का चढली, हे तिलाही सांगता आलं नसतं. काटा अर्धा किलो मागे गेला होता.

"अर्धा किलो!" नवऱ्याने टाळी वाजवली. "सुई बोथट निघाली वाटतं!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्यावरही काहीतरी विनोद झाला असता. ती पेन घेऊन आतल्या खोलीत गेली. पेनाच्या टोकाचं बटण फिरवलं की डोसाचा आकडा बदलायचा. पहिले चार आठवडे सगळ्यात लहान आकडा, असं तिला बजावलं होतं. पण आता ती मास्तरच्या डोक्याने विचार करायला लागली. दवाखान्यात तिच्या शेजारी बसलेली बाई अंगाने तिच्या निम्मी होती. ती साखरेसाठी हेच इंजेक्शन घ्यायची आणि तिलाही सुरुवातीला एवढाच डोस दिला होता. असं कसं? पहिलीतल्या मुलीचा आणि दहावीतल्या मुलीचा फ्रॉक एकाच बेताने कापतात का? जेवढं अंग तेवढं कापड, मग जेवढं अंग तेवढं औषध नको? तीस वर्षं हाच हिशेब खरा ठरला होता. तिने बटण दोन आकडे पुढे फिरवलं आणि टोचून घेतलं. वर, काटा लवकर हलावा म्हणून सोमवारी जवळजवळ काहीच खाल्लं नाही.

सोमवारी संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. घरी सांगायची सोय नव्हती. मंगळवारी ती तशीच कामावर गेली. दुपारी मशीन गळ्याच्या रेषेवरून वळत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताच्या सवयीने बटण बंद झालं म्हणून बोटं वाचली! पातं तोवर तीस फ्रॉकांच्या पाठी चिरत गेलं होतं. ती टेबलाला धरून खाली बसली आणि पॅकिंगच्या बाईने रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं, बाकी धोका नव्हता. डोस किती वाढवला आणि का, ते तिने अंगाच्या मापाच्या हिशेबासकट सांगून टाकलं. नवरा धावतपळत आला तोवर तिला बोलण्याइतकी ताकद आली होती.

"मी म्हणतच होतो," तो खुर्चीत टेकायच्या आत म्हणाला, "असले शॉर्टकट आपल्याला झेपत नाहीत. ते पेन आजच कचऱ्यात टाकतो."

"टाका!" ती सलाईनच्या हातासकट उठून बसली. "टाका ना! मग मी दोन वर्षांनी कामही टाकते, घरी बसते आणि तुम्हाला हसायला दिवसभर मिळते! मी जन्मभर लोकांची मापं घेतली हो, कपडे अंगाला नीट बसावेत म्हणून. आणि तुम्ही घरात बसून माझी मापं काढलीत! मी डोस वाढवला तो कशासाठी? काट्यावर तुमच्या हसण्याला उत्तर द्यायचं होतं म्हणून!"

वीस वर्षांत हा आवाज नवऱ्याने ऐकला नव्हता.

सिस्टर सलाईनचा वेग बघत होती. केस पिकलेली बाई, बोलायला खणखणीत. "मास्तर, आधी तुमच्यावर रागावते. हे औषध अंगाच्या मापाचं नसतं, पोटाच्या सवयीचं असतं. पहिले चार आठवडे वजन उतरवायला देतच नाही आम्ही, पोटाची औषधाशी ओळख करून द्यायला देतो. म्हणून सगळ्यांना सुरुवात लहान डोसाने. काटा हलायला महिने लागतात. डोस वाढवायचा तो डॉक्टर वाढवतील. आणि उपाशी राहिलात तर चरबीआधी ताकद जाईल, मग टेबलाशी उभ्या कशा राहणार? उलट्या थांबेनात किंवा पोटात जोराचं दुखलं तर त्याच घडीला इकडे यायचं. लपवायचं नाही!"

मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?"

"बीपीची. सात वर्षं झाली."

"पहिल्या गोळीने बीपी ताळ्यावर आलं?"

"नाही. दोन-तीनदा बदलावी लागली."

"घरात कुणी त्याला शॉर्टकट म्हणालं? रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर तुमचं बीपी मोजून हसलं कुणी?"

सात वर्षं रोज सकाळी ती गोळी आणि पाण्याचा पेला त्याच्या हातात कोण देत होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "चुकलं माझं," तो बायकोला म्हणाला. "मला वाटायचं, तू हसतेस म्हणजे तुला चालतं."

"चालत नव्हतं," ती म्हणाली. "कधीच चालत नव्हतं."

डॉक्टरांनी पोट पूर्ण सावरेपर्यंत इंजेक्शन थांबवलं आणि मग पुन्हा सगळ्यात लहान डोसाने सुरू केलं. आता ती आतल्या खोलीत जात नव्हती. रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीतच सुई घ्यायची आणि नवरा तारीख लिहून ठेवायचा. एकदा त्याचा थोरला भाऊ काहीतरी गमतीत बोलायला गेला तेव्हा तोच कडाडला, "दादा, या घरात हा विषय आता हसण्याचा नाही!"

पुढे तीन महिन्यांनी एका दुपारी जाऊबाई तिच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. "माझं एक ऐकशील? मलाही जिना चढवत नाही गं आताशा. तुझ्या त्या पेनातलं एकदा मला टोच ना. कुणाला सांगू नकोस हं, लोक हसतील."

लोक हसतील! कोण लोक, ताई? हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. अख्ख्या वीस वर्षांची परतफेड करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिला रागही तेवढाच आला होता.

"नाही टोचणार," ती म्हणाली. "एकाचं पेन दुसऱ्याला लावायचं नसतं. आणि तुम्हाला हे औषध चालतं की नाही, हे मी कोण ठरवणार? उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते बरोबर. पण दार उघडा आधी. चोरी नाही केलेली आपण कुणी!"

जाऊबाईंनीच उठून दार उघडलं.

वाचकहो, आजारी माणसाला औषध डॉक्टर देतात. ते धीराने, वेळेवर आणि सांगितलं तेवढंच घेणं हे त्या माणसाचं काम. आपल्याकडे एकच काम उरतं, तोंड सांभाळायचं. तेवढंही जमत नसेल, तर त्या मशीनखाली बोटं गेली असती ती आपल्यामुळे गेली असती, एवढं तरी कबूल करा!