दृष्टीआड विहीर

त्या इमारतीत कचऱ्याच्या उभ्या नळाला सगळे ‘विहीर’ म्हणत. मजल्यामजल्यावर तिचं लोखंडी झाकण. उघडा, टाका, मोकळे व्हा. विहिरीची कल्पना सासऱ्यांची. इमारतीचे आर्किटेक्ट तेच. “दृष्टीआड सृष्टी! कचरा दिसला की आर्किटेक्ट नापास,” असं ते ऐटीत सांगत.

सूनही आर्किटेक्ट. त्या सकाळी ती जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांच्या नव्या इमारतीचा नकाशा काढत होती. विहीर तेवढी राहिली होती.

“बाबा, त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर ओल्या-सुक्याला वेगळी जागा देऊ या? विहिरीत सगळ्याचा काला होतो. खाली तळघरात कचरेवाली बाई तो हातानं निवडते.”

“अगं, पगार त्याचाच घेते ना ती?”

तेवढ्यात सासूबाईंनी तडकलेली काचेची बरणी विहिरीत सोडली. बरणी धडधडत गेली आणि खालून किंकाळी वर आली. सासूबाईंनी घाईघाईनं झाकण लावून टाकलं. जणू झाकणानं रक्त थांबणार होतं!

सून अनवाणीच जिना उतरली. तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. कचरेवाली बाई नळाच्या तोंडाखालीच कोसळली होती, चेहरा रक्तानं माखलेला. सुनेनं तिला काखेत धरून ओढलं, पण ओल्या कचऱ्यात पाय ठरेना. वरून एक पिशवी आली, सुनेच्या खांद्यावर फुटली. मग एक पत्र्याचा डबा कानाजवळून गेला.

“बाबा! झाकणं बंद करायला सांगा! मी खाली आहे!”

विहिरीतून आलेला तो आवाज ऐकून सासरे ताडकन उठले. गुडघ्यांपायी लिफ्टशिवाय न हलणारा तो माणूस जिन्यानं दारं बडवत सुटला. “झाकण उघडू नका! माझी सून खाली आहे!”

बाईला दवाखान्यात नेलं. डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगेनात. सून घरी आली तेव्हा सासरे दारातच उभे होते.

“तुला लागलं नाही ना, पोरी?”

“नाही. पण बाबा, ती रोज खाली असते. दारं आज वाजली, कारण आज सून खाली होती.”

सासरे दारातून बाजूला झाले. सुनेनं नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. “या नकाशात मी विहीर आखणार नाही. आणि आपल्या इमारतीतली बुजवल्याशिवाय गप्प बसणार नाही.”

“अगं, मग कचरा काय दारादारात दिसणार?” सासूबाई कळवळल्या.

उत्तर सासऱ्यांनी दिलं.

“दिसू दे.”