आओईच्या नावाची शाई

मित्रांनो, नमस्कार-चमत्कार राहू द्या, आधी माझ्या केसांची दशा बघा! बकरीच्या मऊ केसांचा, बांबूच्या दांड्याचा मी कुंचला. मला घडवल्यावर कारागिराने उजेडात धरून "वा!" म्हटले होते. आज माझा पार खराटा झाला आहे.

मी गेन्जिरो कुरामोचींच्या घरी असतो. आमच्याकडे बाळ जन्मले की सातव्या दिवशी संध्याकाळी त्याचे नाव कागदावर लिहून भिंतीला लावतात. गेन्जिरोंचे अक्षर सुरेख, म्हणून सगळी गल्ली त्यांच्याकडेच येते. आणि मुलगी झाली की नाव काय? आओई! आओई म्हणजे सूर्याकडे वळणारे फूल. अर्थ छान आहे हो, पण जिला-तिला तेच? लिहून लिहून माझा जीव मेटाकुटीला आला.

मग गेन्जिरोंनाच नात झाली. सातव्या संध्याकाळी त्यांनी मला शाईत बुडवले, तोच सून चिनात्सु म्हणाली, "बाबा, आओई लिहा."

"पुन्हा आओई? अगं, पाळणाघरात हाक मारली तर अर्धी पोरं धावत येतील! आणि नावाच्या रेघा मोजल्यास का? आपल्या आडनावाशी जुळत नाहीत. अशुभ आहे ते!" अक्षरांतल्या रेघा मोजून भाग्य पाहण्याची गेन्जिरोंना भारी खोड. "उमेको ठेवा."

"अहो, उमेको तुमच्या नव्वदीतल्या मावशीचं नाव!" गेन्जिरोंच्या पत्नी फुमिए आजी कडाडल्या. "तिकडे मासा गार होतोय. जेवायचंय की भांडायचंय?"

आणि मी? ताटकळलोय शाईत!

चिनात्सुने बाळाला छातीशी धरले. "बाबा, पहिले दोन दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं. जवळ घेता येत नव्हतं, म्हणून मी नुसती हाक मारत होते. आओई, आओई. तिनं पहिल्यांदा मान वळवली ती या हाकेला. आता तिला दुसरं नाव कसं देऊ?"

गेन्जिरोंनी मला शाईतून उचलले. मग त्यांनी लिहिले, आओई. मी इतका निथळत होतो की कोपऱ्यात शाईचा ठिपका पडला. एरवी त्यांनी कागद टराटरा फाडला असता.

"राहू दे," ते म्हणाले. "एवढ्या आओयांत आपली ओळखू येईल."

सगळे आनंदाने मासा खायला धावले. मला मात्र कोणीही धुतले नाही! शाई वाळून केस दगड झाले. कमाल आहे की नाही या माणसांची?

मित्रांनो, लिहून झाले की कुंचला धुवा हो, धुवा! माझ्यातली शाई कोमट पाण्याने अजून निघेल म्हणतात. पण ती आमच्या आओईच्या नावाची आहे. नाही निघाली तरी चालेल.