कॉम्प्युटरची खंडेनवमी

आमच्या वडगावात खंडेनवमीला माग बंद असतात. धोटे, फण्या, कात्र्या पुसून देवापुढे मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, मागांना झेंडूचे हार घालायचे. त्या दिवशी यंत्राला सुट्टी. सुनेला सुट्टी देणारा सण मात्र अजून कुणी काढलेला नाही.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या पुढच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला होता आणि तो माझा होता. लग्नाआधी मी बेळगावात कोर्स केला होता, आता गल्लीतल्या पोरींना शिकवायचं मनात होतं. सासूबाईंनी, म्हणजे गुणाबाईंनी, त्या खोलीतला माग मागच्या पडवीत हलवायला लावला आणि जागा मला दिली. थोरले दीर मष्णूदादा यांना ते रुचलं नव्हतं. "दिवाळीपातूर बघू. न्हाय चाललं, तर माग पुन्ना हितंच," असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. पोरी यायला लागल्या होत्या, मीही जोरात होते.

आईला बरं नाही म्हणून मी बेळगुंदीला गेले होते, ती खंडेनवमीच्या दुपारी परतले. खोलीत पाऊल टाकलं तर जळका वास. कॉम्प्युटरवर हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. वायर निघालेली होती, ती खोचून बटण खाली-वर दाबून पाहिलं, पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही. पुन्हा दाबणार होते, पण कोर्समधल्या मास्तरांनी सांगितलेलं आठवलं, की जळका वास आला तर दुसऱ्यांदा चालू करून बघायचं नसतं. वायर काढून ठेवली आणि पायरीवर बसून रडले.

मष्णूदादा दारात येऊन बघून गेले. "म्हटलं न्हवतं मी?" एवढंच म्हणाले. सासूबाई एरवी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्या दिवशी त्यांनी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्यांनाही आता खोली दिल्याचा पस्तावा होतोय.

दुसऱ्या दिवशी दसरा. माझे यजमान परशराम पहाटेच्या एसटीनं निपाणीला गेले आणि सिद्राम कांबळे यांना घेऊन आले. कॉम्प्युटर बसवायला तेच आले होते. शिकलेला इंजिनिअर माणूस, अंगात पांढराशुभ्र सदरा.

"सणादिवशी तरास दिला," मी म्हणाले.

"आज आमचाबी मोठा दिवस हाय, वैनी. सकाळी विहारात वंदना केली आन् निघालो. पोरींचा क्लास बंद पडला म्हटल्यावर घरात बसवतंय व्हय?"

त्या दिवशी त्यांच्या वस्तीत केवढा कार्यक्रम असतो, हे मला ठाऊक होतं. तो सोडून ते आमच्या दारात उभे होते. त्यांचे उपकार मी आजही मानते.

सिद्रामनी घाईनं काही केलं नाही. आधी वाकून वास घेतला, मग झाकण उघडलं. आतल्या पाट्यांवर कुठं काळा डाग आहे का, कुठं काही फुगलंय का, ते बॅटरीच्या उजेडात बघत गेले. वास मागच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून येत होता. घरातली वीज मशीनला झेपेल अशी करून देणारा तो पॉवर सप्लाय. त्याच्यातच पंखा असतो, आतली गरम हवा बाहेर फेकणारा. डबा खोलला. सिद्रामनी बोटानं पंखा फिरवून पाहिला. फिरेना. चिमट्यानं त्यांनी पंख्याच्या मधून काहीतरी ओढून काढलं, क्षणभर दारातल्या सासूबाईंकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"सुताची तूस बसलीया पंख्यात," ते म्हणाले. "मागाच्या घरात असं व्हतंय. हवा कोंडली आन् डबा जळला."

मष्णूदादांना तेवढंच हवं होतं. "मंजे मागाच्या घरात ह्ये टिकायचं न्हाय. साहेबच सांगाय लागल्यात. परशराम, दिवाळी कशाला, उद्याच माग आणू हितं."

सिद्रामांचा चेहरा पडला. कुणाची तरी लाज राखायला गेले आणि माझी खोली चालली होती. तूस नव्हती, हे मिटलेल्या मुठीवरून मला कळलं होतं, पण काय होतं ते कळलं नव्हतं.

"मूठ उघडा, साहेब," सासूबाई दारातून म्हणाल्या. "हाराचा दोरा हाय त्यो."

सिद्रामनी मूठ उघडली. पिवळा दोरा, त्याला चुरगळलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

"म्या पूजा केली त्याची," सासूबाई म्हणाल्या. "अंजना बटण कसं दाबती ते बघिटलं हुतं. दाबलं, हिरवा दिवा लागला. देवाम्होरचा दिवा पूजेदिवशी इझवू ने, म्हणून तसाच ठिवला. हार घातला, त्याचं शेपूट मागल्या जाळीत गेलं असंल. आन् वरनं मागावरली नवी साडी गुंडाळली. चारी अंगानं, घट्ट. वास याय लागला तवा वायर उपसली. हार वडून काढला, साडी काढली, आन् गप बसले."

आमच्या घरात सूत तुटलं तर ते सुताचं चुकलं, भात करपला तर चुलीचं चुकलं. सासूबाईंचं चुकलं असं या घरात कधी कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या तोंडून तर नाहीच.

"मष्णू, मशिनीचा दोष न्हाय, पोरीचाबी न्हाय. माझा हाय. खोली तिचीच ऱ्हाणार."

मष्णूदादा बाजूला सरकले. पण मशीनच मेलं असेल तर खोली घेऊन मी काय करणार होते?

सिद्रामनी पिशवीतून दुसरा पॉवर सप्लाय काढून जोडला. पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली आणि मध्येच थांबली. "मेमरीत गडबड हाय," ते म्हणाले. मेमरीच्या चिप म्हणजे आत ओळीनं बसवलेले काळे तुकडे. बंद करून त्यांनी दोन चिपांची जागा आपसात बदलली. पुन्हा चालू केलं. चूक त्याच जागेवर दाखवली, म्हणजे त्या दोन्ही चांगल्या. मग पुढची जोडी. असं करता करता एका चिपेबरोबर चूकही जागा सोडून हलली. चोर सापडला. मष्णूदादा केव्हा पुढे आले कळलं नाही, बॅटरी त्यांच्याच हातात होती. "हिकडं धरू का उजेड?" ते विचारत होते.

नवी चिप बसली, अक्षरं शेवटपर्यंत आली. फ्लॉपी घातली, तीही वाचली. जळाला तो डबा आणि एक चिप, बाकी सगळं शाबूत. मी सिद्रामांना हात जोडले. त्यांनी पुरणपोळी तेवढी मागून घेतली.

सगळे जेवायला उठले. सासूबाई मात्र आत आल्या, पोरी बसतात त्या स्टुलावर पदर सावरून बसल्या. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. नशिबानं अशी सासू मिळाली, हे सांगायचं होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"चालू कराय मला येतंय," त्या म्हणाल्या. "आता बंद कसं करायचं, ते शिकीव."