मेलेल्या खेचराची घळ

आमच्या दक्षिण युटात ऑक्टोबरमध्ये शाळांना सुट्टी पडते ती हरणांच्या शिकारीसाठी. पुरुष बंदुका घेऊन डोंगरात जातात आणि आम्ही बायका घळीत. हे माझ्या आजीपासून चालत आलंय. पुरुषांना दर वर्षी हरीण मिळतंच असं नाही, आम्ही मात्र घळ बघून येतोच. कुठल्या घळीत जायचं ते आदल्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, माझ्या थोरल्या बहिणीच्या, नेड्राच्या स्वयंपाकघरात ठरतं. आणि ठरवते मी, आर्डिस. इथल्या घळी मला घरातल्या कपाटांसारख्या पाठ आहेत, कुठल्या कप्प्यात काय आहे आणि कुठलं दार अडकतं तेसुद्धा. ही बढाई वाटेल. बढाई आहेच, पण खरी आहे.

यंदा मात्र निवड जोखमीची होती. वसंतात नेड्राच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिची मुलगी केलीन तिच्या मागे लागली होती. केलीन सॉल्ट लेकला राहते. तिने आपल्या घराजवळ आईसाठी एक फ्लॅट हेरून ठेवला होता. लिफ्ट, गुळगुळीत फरशी, खालीच दवाखाना. इथलं घर विकायचं म्हणे. नेड्रा ऐकेना आणि केलीन सोडेना. लेक कोणाची? शेवटी तिने फोनवर अट घातली. "आई, यंदाची घळ तू शेवटपर्यंत चाललीस तर मी फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर नाताळच्या आत सामान बांधायचं."

"ठरलं," नेड्रा म्हणाली. तिने एकदा ठरलं म्हटलं की ती दगडावरची रेघ.

माझंही सांगून टाकते. नेड्रा गेली तर मी या गावात भांडायचं कोणाशी? नवरा माझा शांत आहे, त्याच्याशी भांडण रंगत नाही. नेड्रा जाणार या विचाराने मला रात्र रात्र झोप नव्हती.

रविवारी केलीन आली ती फोनमध्ये तीन घळी घेऊनच. टेबलावर चीज घालून भाजलेले बटाटे होते, आमच्याकडे त्यांना मयताचे बटाटे म्हणतात, कारण एकही मयत त्यांच्यावाचून पार पडत नाही. शिवाय गाजर किसून घातलेली हिरवी जेली. केलीनने ताट बाजूला सारून फोन माझ्यापुढे धरला.

"ही बघ मावशी. लाल भिंती, वर दगडी कमान. किती सुंदर आहे."

"आहेच सुंदर. पण मधे कमरेएवढं पाणी लागतं, आणि या दिवसांत ते बर्फासारखं असतं. तुझ्या आईचा नवा खुबा गंजेल."

"गंजत नसतो तो. बरं, मग ही. इथे लिहिलंय, पूर्ण सपाट."

"सपाट आहे, पण वाळूत. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. दुखऱ्या खुब्याला वाळूसारखा वैरी नाही. त्यापेक्षा खडक बरा, पाय धरून तरी ठेवतो."

"आणि ही तिसरी?"

"तिथे शिडी आहे, आणि शिडीशी रांग. रांगेतच उभं करायचं तर तिला बँकेत नेऊ ना."

"मग तूच सांग," केलीन वैतागून म्हणाली. "तुला कधी कोणाची निवड आवडलीय?"

मी याचीच वाट बघत होते. "मेलेल्या खेचराची घळ," मी म्हटलं.

बटाटे वाढणारा नेड्राचा हात थांबला. केलीनचा चेहरा उतरला. "जिथे खेचर मेलं तिथे माझी आई जाणार?"

"अट तुझी आहे. सोपी जागा निवडली तर उद्या म्हणशील, आईला बागेत फिरवून आणलं."

केलीन आईकडे बघत राहिली. "चालेल," ती शेवटी म्हणाली. "पण मी तिच्या मागेच राहणार."

आता खरी गंमत सांगते. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा असं म्हणतात ना, आमच्या आजोबांनी त्याच्या उलट केलं होतं. जिथे बारमाही झरा आणि गुरांना चारा, त्या घळीला त्यांनी मुद्दाम भयंकर नाव दिलं, म्हणजे दुसऱ्याची गुरं तिकडे फिरकायची नाहीत. पुढे तेच नाव नकाशावर छापलं गेलं. तिथे खेचर मेलेलं नाही. आजोबांकडे खेचर नव्हतंच. घळीची जमीन घट्ट, दिवसभर सावली, आणि शेवटी उंच भिंतींच्या कुशीत झरा. लेकुरवाळ्या बायका जाऊन येतात. मी दोन वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

केलीन अंगणात गेल्यावर नेड्रा ताटं विसळत म्हणाली, "माझी कीव येते का तुला?"

"मी तुझं घर वाचवतेय."

"घर माझं, पाय माझे, आणि कावा तुझा," ती म्हणाली, आणि ताट माझ्या हातात पुसायला दिलं.

घळीत निघालो त्या दिवशी आभाळ लख्ख होतं. वरच्या पठारावरसुद्धा ढगाचा ठिपका नव्हता, म्हणजे पुराची भीती नव्हती. घळीच्या तोंडाशी कॉटनवुडची झाडं पिवळी झाली होती. आत शिरल्यावर भिंती जवळ येत गेल्या, आधी लाल, मग भाजलेल्या भाकरीसारख्या, खाली तपकिरी आणि वर काळे डाग. नेड्रा काठी टेकत, घाई न करता, आपल्या लयीत चालत होती. केलीन तिच्या मागे हात पुढे करून चालली होती, लहान मूल पहिल्यांदा चालतं तेव्हा आया चालतात तशी.

"हात खाली कर," नेड्रा मागे न बघता म्हणाली. "मला न बघताही कळतं."

मी पुढे होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात सत्काराचं भाषण तयार करत होते. एक वळण घेतलं आणि भाषण तिथेच राहिलं.

दोन भिंतींमध्ये तिथे एक भला मोठा धोंडा अडकलेला आहे. मागच्या खेपेला वाळू त्याच्या माथ्यापर्यंत भरलेली होती, उंबरा ओलांडावा तसा आम्ही तो ओलांडला होता. या पावसाळ्यातल्या पुरांनी धोंड्याच्या अलीकडची सगळी वाळू धुऊन नेली होती. उंबरा आता माझ्या हनुवटीला लागत होता. घळी दर पुरात बदलतात हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र दोन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर माझ्या बहिणीचं घर पणाला लावून बसले होते. माझं कपाट कोणीतरी माझ्यामागे पार उचकून ठेवलं होतं.

केलीन टोमणा मारेल म्हणून मी तयार होते. ती मऊ आवाजात म्हणाली, "आई, खूप चाललीस तू. परत जाऊया." टोमणा बरा असता.

"धोंड्यापर्यंत आलो म्हणजे घळ झालीच," मी घाईने म्हटलं. "पुढे बघण्यासारखं काही नाही."

"गप्प बस, आर्डिस," नेड्रा म्हणाली. मग एका दगडावर बसून तिने पिशवीतलं सँडविच काढलं आणि धोंड्याकडे बघत बघत सगळं खाल्लं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. हात झटकून ती म्हणाली, "केलीन, मागच्या वळणावर चपट्या शिळा पडल्यात, त्या आण. आर्डिस, तू बारके दगड बघ, सांधे भरायला."

आम्ही दगड वाहिले. नेड्रा काठीने जागा दाखवत होती. "खाली रुंद घ्या, वर निमुळतं. ती डुगडुगतेय, फिरव. अजून फिरव. हं." केलीनची नखं तुटली, माझी पाठ धरली, दोघींना घाम फुटला. तीन पायऱ्या तयार झाल्या. नेड्राने काठीने एकेक ठोकून पाहिली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा, हे दवाखान्यात शिकवलेलं पुटपुटत तिने चांगला पाय वर टाकला, मग दुखरा. पुन्हा चांगला, पुन्हा दुखरा. केलीनने हात पुढे केला आणि आपला आपणच मागे घेतला. नेड्रा माथ्यावर पोचून पलीकडच्या वाळूत उभी राहिली.

आम्ही चढून गेलो तेव्हा केलीन म्हणाली, "पण दगड आम्ही आणले, आई. एकटी असतीस तर?"

"एकटी असते तर आलेच नसते. मी म्हातारी झालेय, खुळी नाही." नेड्रा चालू लागली होती. "मला उचलत नाही ते मी आणायला सांगते. कुठे ठेवायचं ते मला कळतं. घरीही तेच चाललंय. लाकडं शेजारी फोडून देतात. दिवे आर्डिस बदलते आणि वर्षभर ऐकवते. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये सगळं आधीच जागच्या जागी असणार. मला कोणाला काही सांगावंच लागणार नाही. त्याचीच मला भीती वाटते, केलीन."



घळीच्या शेवटी भिंती गोल वळतात आणि वरून उजेड पाझरतो, भिंतीतून झरा झिरपतो, त्याच्याभोवती नेच्याची हिरवी झालर आहे. तिथे आम्ही तोंडं धुतली. अट पुरी झाली होती. मला नाचावंसं वाटत होतं. आणि तेव्हाच माझी बहीण म्हणाली, "केलीन, इथे खेचर मेलेलं नाही."

मी तिला कोपराने ढोसलं. ती बोलतच राहिली. आजोबा, चारा, नाव, सगळं सांगितलं. "मावशीने तुला फसवलं, आणि कळत असून मी रविवारपासून गप्प राहिले. आता अट पाळायची का मोडायची ते तू ठरव."

हातात आलेलं घर तिने परत लेकीच्या हातात ठेवलं होतं. मला तिचा इतका राग आला की झऱ्यात ढकलावंसं वाटलं.

केलीन माझ्याकडे वळली. "मावशी, खरं?"

"खरं," मी म्हटलं. "घळ सोपी होती. दोन वर्षांपूर्वी."

"म्हणजे तुम्ही सोपी निवडलीत आणि ती अवघड निघाली."

"हो."

"आणि आई तरी चढली."

ती ओंजळभर पाणी प्यायली आणि "चला, उजेड आहे तोवर निघू," एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि नेड्राने दोन्ही वेळा माझ्या बुटावर काठी टेकली.

पायऱ्यांवरून ती दुखरा पाय आधी टाकत सावकाश उतरली. घळीत आपण रचलेलं आपणच मोडायचं, ही आमच्या घरची रीत. नेड्राला पुढे जायला सांगून केलीन आणि मी दगड काढायला लागलो. बारके मी इकडेतिकडे फेकून दिले. चपट्या शिळा मात्र केलीन छातीशी धरून भिंतीकडे नेत होती. पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसते. तिच्या वर एक कपार होती, तिथे ती एकीवर एक अशा नीट लावून ठेवत होती.

"तिथे कशाला?" मी विचारलं.

"मापाच्या शिळा शोधण्यातच सगळा वेळ जातो," ती हात झटकत म्हणाली. "पुढच्या वर्षी शोधायला नकोत."

नेड्रा तोवर वळणापुढे दिसेनाशी झाली होती. तिला गाठायला आम्हा दोघींना भराभर चालावं लागलं.