बियाण्याची खीर

खिरीचा वास नाकात गेला आणि माझ्या हातातली वाटी हातातच राहिली.

माझा भाऊ केशवराव, सगळ्यांचे आबाजी, जाऊन सात दिवस झाले होते. करडी गावातल्या त्याच्या घरासमोर मंडप घातला होता. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग आदरांजलीची भाषणं झाली. जो उठला त्याने हेच सांगितलं की आबाजी कुटुंबासाठी जगले. खोटं नव्हतं. ब्याऐंशी वर्षांत तो सलग तीन दिवस कधी घराबाहेर राहिला नाही. पोरींची बाळंतपणं, सुनेचा टायफॉइड, बायकोचं शेवटचं दुखणं, सगळं त्याने उशाशी बसून काढलं. माझे मालक जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. ते गेले तेव्हा भाऊ महिनाभर रोज पहिल्या बसने माझ्याकडे यायचा, चहा प्यायचा, तासभर न बोलता बसायचा आणि परत जायचा. असा माणूस होता. त्याच्या नावाने खीरदान ठेवलं होतं आणि गावातली दीडेकशे माणसं पंगतीला बसली होती.

मी वाटी खाली ठेवली. भावाची सून भावना वाढत होती, तिला जवळ बोलावलं.

"भावना, हा तांदूळ कुठचा वं?"

"घरचाच आहे, आत्याबाई. आबाजीच्या ढोलीतला."

"कोणत्या ढोलीतला?"

"थे मागच्या खोलीतली नाही का, शेणानं लिपलेली कणगी. हर्षानं काढला. परवा गिरणीतून आणला."

"सगळा?"

"सगळाच. माणसं किती आहेत पाहा ना."

आमच्या घरात त्या ढोलीतल्या धानाला मायचा धान म्हणत. माय नाकाडोंगरीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिने लुगड्याच्या पदराला ओंजळभर धान बांधून आणला होता. दाणा बारीक, टोकाशी काळसर आणि पोपटाच्या चोचीसारखा किंचित वाकलेला. शिजला की तीन घरं सोडून वास जायचा. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडायला निघाले. मी दहा वर्षांची होते. माय बियाण्यालाही हळदकुंकू लावायची, म्हणून ती घाबरून म्हणाली, "याचं काय करू?" भाऊ चौदाचा होता. तो म्हणाला, "कुंकू पुसून टाक माय, धानाचा काय गुन्हा आहे?" देव गेले, धान राहिला.

तेव्हापासून दरवर्षी तळ्याखालच्या एका बांधीत, बांध घातलेल्या लहानशा तुकड्यात, तो हाच धान लावायचा. बाकीच्या शेतात काय पेरायचं ते जीवन, त्याचा मुलगा, ठरवी. ते पाकिटातून येई. या बांधीला मात्र भाऊ कोणाला हात लावू देत नसे. कापणीआधी उभ्या धानात शिरून तो एकेक लोंब निवडून कापायचा, हाताने चोळायचा, कडुनिंबाचा पाला घालून ढोलीत ठेवायचा. उरलेला धान झोडून भरडायचा आणि तांदूळ पोरींना आणि मला पोचवायचा. स्वतःच्या ताटात त्याने तो क्वचितच घेतला असेल.

हर्षा माझ्याकडेच येत होती. जीवनची मुलगी, तेवीस वर्षांची, नागपूरला शिकते. भावाचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर. डोळे सुजलेले, पण हसत होती.

"आत्याआजी, वास आला ना? आबाजी जन्मभर सांभाळत राहिले, खाल्लं कधीच नाही. म्हटलं, आता त्यायच्या नावानं सगळ्यायनं खावं."

"पोरी, थे बियाणं होतं."

तिला कळलंच नाही. तिच्या जन्मापासून या घरात बियाणं म्हणजे रंगीत पाकीट. घरात साठवलेला धान खायचा नसतो हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण जीवनला? साठीला आलेल्या माणसाला?

तो मंडपातून धावत आला. "आत्या, हळू बोल. लोक पाहून राहिले."

"खाऊन राहिले ना? मंग पाहूनही घेऊ दे."

"अवं, वासाच्या धानाचं बियाणं दुकानात भेटते. मी आणून टाकतो ना तेवढ्या बांधीसाठी."

"दुकानात तुही आजी भेटते का रे, जीवन? तेही घेऊन ये एखादी."

कोणीतरी हसलं. मी तिकडे पाहिल्यावर थांबलं.

"गिरणीवाल्याले फोन लाव," मी म्हणाले.

त्याने लावला. गिरणीवाला गोपीचंद म्हणाला, सगळा काढला, कोंडाही म्हशीला गेला. पोरींकडे, माझ्याकडे जो होता तो तांदूळ. तांदूळ उगवत नाही.

मी जीवनला बोलले, भावनाला बोलले, भाषणं करणाऱ्यांनाही बोलले. एवढं आबाजी आबाजी करता, त्या माणसाने वर्षानुवर्षं ढोलीत काय ठेवलं हे एकानेही विचारलं नाही? सगळ्यात जास्त राग मला भावाचाच आला. हात लावू नका एवढंच म्हणत राहिला. का लावू नका, हे सांगितलं नाही. सगळं करायचं आणि तोंड मिटून करायचं, याचं आम्ही किती कौतुक केलं! आणि मीही तशीच. मला सगळं ठाऊक होतं. ढोली फोडायच्या आधी एक फोन करता आला असता. मला वाटलं, घरच्यांना माहीत असेलच.

"त्या बांधीचं तणस कुठं आहे?" मी विचारलं.

"मांडवामागं. पण त्यात दुसऱ्या बांधीचंही मिसळलं आहे," जीवन म्हणाला.

"चल."

हाताने झोडलेल्या पेंढीत थोडे दाणे अडकून राहतात. मी तणसाच्या ढिगाशी बसले. जीवन पांढऱ्या सदऱ्यातच पेंढ्या ओढू लागला. भावना पंगत दुसऱ्या बायकांवर सोपवून आली. भर दुपारचं ऊन होतं, तणसाची कुसळं मानेत शिरत होती. हर्षा रडत दाणे शोधत होती. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही.

माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दाणा दिसत नाही, बोटांना कळतो. हर्षा एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवायची.

"हा?"

"नाही. जाड आहे."

"हा?"

"पोचट. आत काहीच नाही. दाबून पाहात जा."

"आत्याआजी, मले माहीत नव्हतं वं. खरंच."

"माहीत नव्हतं म्हणून धान परत येत नाही. टोक पाहा. वाकलं आहे का? काळं आहे का?"

तिने मोबाईल काढला, फोटो काढून मोठा करून पाहायला. मी तो तिच्या हातातून घेऊन तणसावर फेकला. तिने पुन्हा पेंढीत हात घातला.

मंडपातली माणसं जेवून निघून गेली. सतरंज्या गुंडाळल्याचा आवाज आला. वाटीच्या तळाशी दाणे जमले होते. मुठीएवढेही नाहीत. एवढ्यातून बांधीभर व्हायला दोन हंगाम जातील, कदाचित तीन. माझ्याकडे तेवढे आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. राग तसाच होता.

हर्षाने आणखी एक दाणा उचलला. उन्हाकडे धरला, नखाने दाबला, टोकावरून बोट फिरवलं. मी तळहात पुढे केला.

तिने तो माझ्या हातावर ठेवला नाही. मला न विचारताच बाजूला फेकून दिला आणि दुसरी पेंढी ओढली.