गडग्यापलीकडचा शब्द

सावित्रीने कागदावर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

"रिशेल, हय ये. ह्या तुजा चुकला."

रिशेल खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायरीवर मेणबत्त्या लावत होती. आरोंद्याच्या खाडीवरून वारा येत होता, एक पेटली की दुसरी विझत होती, आणि त्यात शाळेत शिकवणाऱ्या बाईला भर वाडीत कोणी 'चुकला' म्हणावं! ती काडेपेटी घेऊन तशीच आली.

मे महिन्यात वाडीतल्या खुरसाकडे लादीन होते. प्रार्थना, गाणी आणि शेवटी उकडलेले चणे. ख्रिस्ती घरं चारच, पण चण्यांना अख्खी वाडी हजर. यंदा रिशेलने हौसेने शेजाऱ्यांसाठी कागद छापून आणले होते. डावीकडे कोंकणी प्रार्थना, उजवीकडे तिचं मराठी. सावित्री दरवर्षी खुरसाला आबोलीचा वळेसर घालायची. नवस सासूचा, सासू गेली आणि नवस हिच्या गळ्यात आला. तोवर तिने नुसती फुलं आणली होती, शब्द कधी वाचले नव्हते.

"खंय चुकला, काकी?"

"हय 'भोगोस' लिवलंस. आणि समोर? 'क्षमा कर'!"

"मगे? बरोबर आसा. भोगोस म्हणजे माफ कर."

"भोग म्हणजे भोग गो! कर्माचे भोग. माका शिकवतंस?"

रिशेलला हसू आलं. "तो भोग वेगळो, काकी. आमच्या प्रार्थनेत भोगोस म्हणजे माफ कर. आमची पातकां माफ कर, असा आमी देवाक सांगताव. तुका काय वाटलेला?"

काय वाटलं होतं ते सावित्रीने सांगितलं नाही. तिने कागदाची घडी घातली, पदरात खोचली आणि चणे न घेताच घराकडे वळली. लादिनीवरून चणे न घेता गेलेली वाडीतली ती पहिलीच बाई असेल.

सावित्रीचं घर आणि रिशेलचं घर यांच्यामध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. पूर्वी त्यावरून वाटीभर साखर जायची, निखारे जायचे, भांडणंही जायची. नऊ वर्षांपूर्वी रिशेलचा बाप प्लासिद आणि सावित्रीचा नवरा बाळा होडी घेऊन खाडीच्या मुखाकडे गेले. होडी उलटली. प्लासिद पोहत आला. बाळा तिसऱ्या दिवशी पलीकडे केरीच्या वाळूत मिळाला. तेव्हापासून प्लासिदने समुद्राचं तोंड बघितलं नाही. होडी माडाखाली पालथी घातली ती घातलीच; आता तिच्यात कोंबडी अंडी घालते. आणि सावित्री त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रिशेलशी बोलायची, तिची आई क्लेमेंटिनाशी अडीनडीला बोलायची. प्लासिद समोर आला की मान वळवायची. एवढंच होतं तिच्या हातात, आणि तेवढं तिने नेमाने केलं.

पण संध्याकाळी सातला तेर्स सुरू व्हायचा, त्यांची जपमाळेची प्रार्थना. प्लासिदचा घोगरा आवाज गडगा ओलांडून सरळ सावित्रीच्या चुलीपाशी यायचा. बाकी काही तिला कळत नसे, तो एक शब्द मात्र स्वच्छ ऐकू येई. भोगोस. संध्याकाळी सहा वेळा. हा बाबा स्वतःलाच सांगतो आहे, भोग म्हणून, असंच तिला वाटायचं. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा! आडाळ्यावर नारळ खवताना तिचा हात थांबायचा आणि तीही हळूच म्हणायची, "भोग." नऊ वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती.

आणि आता ही पोर सांगते, तो माफी मागत होता!

दुसऱ्या दिवशी सात वाजता तेर्स सुरू झाला तशी सावित्री उठली. पदर खोचला, चुलीवरची पेज उतरवली आणि गडग्याला वळसा घालून थेट प्लासिदच्या ओसरीवर चढली. खोलीत तिघं गुडघे टेकून बसली होती. प्लासिदची पाठ दाराकडे होती. तो 'भोगोस'पर्यंत आला आणि मागून आवाज आला.

"कोणाकडे मागतंस रे माफी?"

प्लासिदच्या हातातली माळ खाली पडली. क्लेमेंटिना उठायला गेली, पण सावित्रीने हातानेच तिला बसवलं.

"मी ह्येका इचारतंय. नऊ वर्सा. कोणाकडे?"

"देवाकडे, वैनी," प्लासिद म्हणाला. वळला मात्र नाही.

"कित्याक? देवाचो घोव बुडललो काय?"

नवरा तर हिचा बुडाला होता. रिशेलने खाली बघितलं. क्लेमेंटिनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखंही काही होतं. ती पुटपुटली, "ह्याच सांगतंय मी ह्येंका. नऊ वर्सा ह्याच सांगतंय."

"रिशेल, ह्या सगळा खंय लिवलेला आसा?" सावित्रीने विचारलं. "तुजो कागद नको. मूळ पुस्तक काढ. मराठी आसा मां?"

रिशेलने कपाटातून शुभवर्तमान काढलं, पान उघडून दिलं. सावित्री सातवी पास. ती उंबऱ्यावर बसली आणि दिव्याच्या उजेडात बोट ठेवून वाचू लागली. तीच प्रार्थना होती. आम्ही आमच्या अपराध्यांना माफी देतो, तशी तूही आम्हाला दे. त्या 'तशी'वर तिचं बोट जरा रेंगाळलं. खाली आणखी दोन ओळी होत्या, तुम्ही माफ केलं नाही तर तुम्हालाही माफी नाही, अशा. त्या तिने मोठ्याने वाचल्या नाहीत. ओठ हलले, बोट पुन्हा मागे गेलं, पुन्हा ओठ हलले.

"काय झाला, काकी?"

"काय नाय." तिने एक पान मागे उलटलं आणि जरा वेळाने पुन्हा थांबली. "ह्या बघ. हय काय सांगल्यान? वेदीकडे दान घेऊन गेलंस आणि याद इली की कोणाच्या तरी मनात तुज्याबद्दल काय आसा, तर दान थयच ठेव. पयलो त्येच्याकडे जा. मगे हय ये." तिने प्लासिदच्या पाठीकडे बघितलं. "ह्या तू वाचूक नाय?"

"माका पाठ आसा," प्लासिद म्हणाला.

"मगे?"

"गडग्यापर्यंत येतंय, वैनी. कितीदा इलंय. पाय फुडे जाणत नाय."

त्याचे खांदे हलत होते. सावित्रीला दया आली आणि दया आली म्हणून रागही आला. आपण इथे भांडायला आलो होतो ना?

"च्या घे गो वायच," क्लेमेंटिना म्हणाली.

"मी च्या पित नाय, तुका म्हायत आसा." बाळा गेल्यापासून सावित्रीने चहा सोडला होता. लोक म्हणत, नवऱ्यासाठी सोडला असेल, त्याला फार आवडायचा. ती उठली. "ह्या पुस्तक मी व्हरतंय. आणि तू रे, फाल्यां सकाळी माज्या दारात ये. फुडल्या दारान. गडग्यावरसून नको."

सकाळी सातला प्लासिद आला. चर्चमध्ये मिशेला घालायचा पांढरा सदरा घालून आला होता. गडग्यापलीकडे क्लेमेंटिना आणि रिशेल उभ्या होत्या आणि आपण उभ्या नाही असं दाखवत कपडे वाळत घालत होत्या. सावित्रीने ओसरीवर पाट टाकला होता. बाजूला पुस्तक होतं, त्यात खूण म्हणून आबोलीचं एक फूल.

"बस."

तो बसला नाही. "बसान सांगूक जमाचा नाय." मग त्याने एका दमात सांगितलं. "त्या दिसा बाळो येऊक तयार नव्हतो. मुखाकडे पाणी फुटता म्हणालो. घराकडे परत गेलो. मी होडी सोडूक लागलंय, इतक्यात तो परत इलो. मी त्येका हसलंय. भिवकुऱ्या, आता कित्याक इलंस, म्हटलंय. तो काय बोलाक नाय. गप होडयेत चढलो. मी तेव्हा हसूक नको होतंय, वैनी. परत फिरूया म्हणाक होया होता. माका माफ कर."

म्हणून झालं. नऊ वर्षांचं एवढंसंच निघालं. तो मान खाली घालून उभा राहिला, आता मारायचं तर मार, अशा तऱ्हेने.

सावित्री आत गेली. प्लासिदला वाटलं, संपलं. पण ती चहाचा कप घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"तो परत कित्याक इलो, म्हायत आसा?"

"नाय."

"मी धाडलंय."

प्लासिदने मान वर केली.

"घराकडे इलो, हयच बसलो. च्या दी म्हणालो. आज जाणा नको म्हणालो. मी कप दिलंय आणि त्येच्या हातातसून परत काढून घेतलंय. म्हटलंय, च्या पिऊन दीसभर लोळतलंस? प्लासिद वाट बघता, जा." ती थांबली. बोलणं पुरं करायचंच, हे तिने पहाटे त्या पुस्तकासमोर ठरवलं होतं, म्हणून तिने ते पुरं केलं. "कपात च्या तशीच रवली. मी कोणाक सांगूक नाय. वाडयेन म्हटल्यान, प्लासिदान बुडवल्यान. मी म्हणूक दिलंय. तू थय भोगोस म्हणा होतंस आणि मी हय बसान भोग म्हणा होतंय. माका वाटा, तुका म्हणतंय."

आणि मग ती रडली. तोंडाला पदर न लावता, सरळ, मोठ्याने रडली. गडग्यापलीकडे कपडे वाळत घालणं थांबलं.

प्लासिद पाटावर बसला. माफी मागायला आलेल्या माणसावरच माफी द्यायची वेळ येईल, अशी तयारी करून तो आला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "वैनी, त्येणा तुजा नाव घेऊक नाय. मी इतको हसलंय, तरी बायलेन धाडल्यान म्हणान सांगूक नाय."

सावित्रीने डोळे पुसले. "सांगूक नाय?"

"नाय. रागावलेलोसुदिक नव्हतो. होडयेत बसान गाणा म्हणा होतो. त्येचा ता नेहमीचा, भसाड्या आवाजातला."

सावित्री रडतारडता हसली. "सूर कसलो तो नव्हतोच त्येका."

"नव्हतोच."

प्लासिदने कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला आणि कप तिच्यापुढे सरकवला. सावित्रीने त्या कपाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी उचलला आणि प्याली. साखर जास्त झाली होती. नऊ वर्षांत स्वतःसाठी केला नव्हता, अंदाज राहिला नव्हता.

"गोड झाली," ती म्हणाली.

"बरी आसा," प्लासिद म्हणाला आणि बशी ओठाला लावली.

संध्याकाळी सातला गडग्यापलीकडे तेर्स सुरू झाला. सावित्री आडाळ्यावर नारळ खवत बसली होती. घोगरा आवाज हळूहळू त्या शब्दाकडे आला आणि सवयीने तिचा हात थांबला. सवयीनेच तिच्या तोंडून निघालं, "भोग."

ती जराशी अडखळली. मग इतकी वर्षं अर्धाच म्हटलेला तो शब्द तिने पुरा म्हटला, गडग्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.