पथकाचा बुडणारा

दुसऱ्या रॉकेटनं नेम साधला. त्याला बांधलेला दोर खडकावर आपटलेल्या जहाजावर पोचला, दोराबरोबर सूचनांची पाटीही पोचली, आणि जहाजावरच्या खलाशांनी ती पाटी दोन्ही हातांनी उचलून मोठ्या आदरानं कठड्याला टांगून ठेवली.

"वाचतायत का?" गस मॅकेल्वीनं विचारलं. गस हा पोर्ट डनबीचा खाटीक आणि बचाव-पथकाचा प्रमुख.

दुर्बीण कुंपणं घालणाऱ्या स्पड ओ'डीकडे होती. "बघतायत," तो म्हणाला. "एकानं उलटी करूनसुद्धा बघितली."

पाटीवर एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंचमध्ये लिहिलं होतं की, कप्पी आणि दोर डोलकाठीला, जमेल तितके उंच बांधावेत. 'एफ्रोसिनी' हे जहाज मात्र ग्रीक होतं. खडकावर कुठल्या देशाच्या जहाजांनी आपटायचं, हे पाटी रंगवणाऱ्यानं बहुधा आधीच ठरवून टाकलं होतं.

"कुठं बांधतायत?"

"कठड्याला."

"वर म्हणावं! वर!" गसनं दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. दोनशे यार्डांवर, फेसाच्या पलीकडे, खलाशांनीही दोन्ही हात आभाळाकडे उंचावले. एकानं छातीवर क्रूस काढला.

"प्रार्थना करतायत," स्पड म्हणाला. "त्यांना वाटलं, तू पाद्री आहेस."

कड्याच्या पोटात जी सपाट जागा आहे, तिथं पथकाचे बारा जण दोराला लागून उभे होते. १९५१ सालचा जून, सकाळचे दहा, वारा नैर्ऋत्येचा आणि भरती अजून चार तास चढायची होती. जहाजाचा मागचा अर्धा भाग पहाटेच तुटून गेला होता. पुढच्या अर्ध्यावर अठरा माणसं होती.

दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत. नंतर सतरा राहिली.

पथकाचं मुख्य हत्यार म्हणजे चड्डी. कॉर्कच्या गोल बोयाला जाड कॅनव्हासची तोकडी चड्डी शिवलेली असते. माणसानं तीत पाय घालून बसायचं आणि किनाऱ्यावरच्यांनी त्याला दोराखालून लटकत ओढून आणायचं; जहाजावरच्या कप्पीतून दोर उलटा फिरवला की चड्डी परत जाते. दोर उंच बांधलेला असला तर बूटसुद्धा भिजत नाहीत. दोर कठड्याला बांधलेला असला तर तो मधे झोळीसारखा लोंबतो आणि झोळी बरोबर खडकांवर फुटणाऱ्या लाटांत जाते. जहाजाचा आचारी सगळ्यांत आधी चड्डीत बसला, कारण त्याची तयारी झालेली होती. त्याच्या हातात सूटकेस होती. तीन लाटांनी त्याला खाली घेतलं. तो किनाऱ्याला लागला तेव्हा सूटकेस तशीच हातात होती आणि आचारी मेलेला होता.

जहाजावरच्यांनी ते पाहिलं. रिकामी चड्डी परत पाठवली तेव्हा सगळे तिच्यापासून दोन पावलं मागे सरले.

"आता कोणी बसणार नाही," स्पड म्हणाला. त्यानं दुर्बीण खाली घेतली.

"मी असतो तर मीही बसलो नसतो," गस म्हणाला. "कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे."

मग एक विचित्र गोष्ट झाली. बाराच्या बारा जणांनी, एकमेकांना न विचारता, मान वळवून क्लॅरी ट्वीडलकडे बघितलं.

क्लॅरी तेरावा. वय शेहेचाळीस, वजन आठ स्टोन, म्हणजे जेमतेम पन्नास किलो, नोकरी टपाल कचेरीत, तिकिटांच्या खिडकीमागे. गेली अकरा वर्षं तो पथकाचा बुडणारा होता. दर तीन महिन्यांनी गसच्या कुरणात कवायत व्हायची. कुरणात एक खांब रोवलेला होता, तो म्हणजे जहाज. खांबावर चढून बसलेला क्लॅरी म्हणजे जहाजावरची सगळी माणसं. बाकीचे रॉकेट सोडत, दोर ओढत, शिट्ट्या फुंकत. क्लॅरी खांबाच्या टोकाला कप्पी बांधायचा, चड्डीत बसायचा आणि गाईंच्या डोक्यावरून सुखरूप वाचायचा. सत्तेचाळीस सालच्या जत्रेत त्यानं वाचण्याआधी इतक्या मनापासून बुडून दाखवलं की पाद्र्याच्या मेव्हणीला घेरी आली. त्यानंतर समितीनं त्याला पत्र पाठवलं: 'बुडणाऱ्यानं शक्यतो शांतपणे वाचावं.'

अकरा वर्षांत किनाऱ्याकडचं टोक बारा जणांना पाठ झालं होतं. जहाजाकडचं टोक एकट्या क्लॅरीला ठाऊक होतं.

"मी गेलो असतो," गस बुटांकडे बघत म्हणाला. "पण लेका, मी त्या चड्डीत कधी बसलोच नाही. मावणारही नाही."

"मला माहितीये," क्लॅरी म्हणाला.

"कोणी जबरदस्ती करत नाहीये."

"तेही माहितीये. सगळे नुसते बघतायत."

त्याची बायको एनिड चहाच्या मोठ्या पातेल्यापाशी घोंगड्या घेऊन उभी होती. ती सगळं ऐकत होती. घोंगड्या खाली न ठेवताच ती पुढे आली.

"तुला पोहता येत नाही, क्लॅरी."

"पोहायचं कुठंय? बसायचंय."

"कुरणातलं बसणं वेगळं."

"हो. इथं शेण नाही."

"थट्टा करू नकोस. तो आचारी तुझ्या दुप्पट होता. बघ, कसा झालाय."

क्लॅरीनं आचाऱ्याकडे बघितलं नाही. "तो ताठ बसला होता," तो म्हणाला. "शिवाय एका हातानं धरून. लाट आली की पाय पोटाशी घ्यायचे, पाठ समुद्राकडे करायची. मला येतं ते. मला एवढंच येतं, एनिड."

एनिडनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, मिटला आणि आपल्या कोटाच्या खिशात ठेवला. "स्वेटर नीट खोच," ती म्हणाली आणि वळून पातेल्याकडे गेली. तिथं तिनं कपबशा मांडायला घेतल्या. मांडलेल्याच पुन्हा मांडल्या.

"तिथं गेलो की मफलर हलवीन," क्लॅरीनं गसला सांगितलं. "एकदा हलवला की दोर सैल सोडा. दोनदा हलवला की ताणा."

"एकदा सैल, दोनदा ताण."

"उलटं केलंत तर मी परत येऊन तुझ्याशी भांडणार."

"ये," गस म्हणाला. त्यानं शिट्टी तोंडात धरली.

पहिली लाट कमरेपर्यंत आली. क्लॅरीला ती अपमानास्पद वाटली, पण सहन होण्यासारखी होती. दुसरीनं त्याला पाण्याखाली नेलं. त्यानं पाय पोटाशी घेतले, पाठ वळवली, दोन्ही हातांनी दोर धरला. खाली अंधार नव्हता, नुसता पांढरा कल्लोळ होता, आणि त्या कल्लोळात कुठंतरी खडक होता. तो डाव्या खांद्याला लागून गेला. बारा जणांनी ओढ सोडली नाही. तिसऱ्या लाटेच्या वेळी क्लॅरीच्या मनात आलं की बुडणं आपण अकरा वर्षं साफ चुकीचं करत आलो. आपण ओरडत होतो. खरं बुडणं समितीला पसंत पडेल इतकं शांत असतं.

मग सहा हातांनी त्याला कठड्यावरून आत घेतलं. कोणीतरी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. समोर लोकरी बंडी आणि टाय घातलेला पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. हा कप्तान असणार, असं क्लॅरीनं ताडलं आणि त्याच्या बुटांवर सगळं खारं पाणी ओकून टाकलं.

"माफ करा," तो म्हणाला. "क्लॅरी ट्वीडल. टपाल कचेरी."

कप्तान ग्रीकमध्ये बरंच काही बोलला. मग त्यानं किनाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही तळहात जोडून गालाशी नेऊन मान कलती केली. आचाऱ्याबद्दल विचारत होता. क्लॅरीनं मान डोलावली. कप्तानानं डोळे मिटले आणि उघडले. तेवढ्याला वेळ होता.

क्लॅरीनं मफलर एकदा हलवला. दोर सैल पडला. त्यानं कठड्यावरच्या गाठीला हात घातला, डोलकाठीकडे बोट केलं आणि चढायला लागला. आठ फूट चढेपर्यंत खाली कोणाला काही कळलं नाही. मग एक दाढीवाला खलाशी कपाळावर हात मारून इतका मोठ्यानं ओरडला की क्लॅरीचा पाय सुटता सुटता राहिला. क्षणात चौघे जण त्याच्या अंगावरून वर गेले. कप्पी वर गेली, दोर वर गेला, आणि क्लॅरीला अकरा वर्षांत एकदाही न जमलेली गाठ त्यांनी तीन हेलकाव्यांत मारून टाकली. ती माणसं खलाशी होती. त्यांना गाठ शिकवायची नव्हतीच. त्यांना फक्त 'वर' एवढा एक शब्द हवा होता, आणि तो क्लॅरी समुद्रातून घेऊन आला होता.

मफलर दोनदा हलला. दोर वीणेच्या तारेसारखा ताणला गेला.

तरी चड्डीत कोणी बसेना. आचारी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. पायाखालची लोखंडी फळी दर लाटेला कण्हत होती. मग क्लॅरी स्वतः चड्डीत बसला, आणि त्या भेगाळलेल्या जहाजावर त्यानं सुखरूप वाचून दाखवलं. पाय झुलवले. खाली पाण्याकडे बघून नाक मुरडलं. किनाऱ्याला लागल्याचं, चहा प्यायल्याचं, चहा गोड नसल्याचं करून दाखवलं. दाढीवाला हसला. मग आणखी दोघे हसले. दाढीवाल्यानं क्लॅरीला बाहेर काढलं आणि आपण पाय घातले.

त्याचे बूट पाण्याला लागले नाहीत. किनाऱ्यावर तो उभा राहून हात हलवताना दिसला आणि मग रांग लागली.

"पाय आत. हात वर. पुढचा," क्लॅरी म्हणत होता. टपाल कचेरीच्या खिडकीत म्हणायचा तसंच, त्याच सुरात. कोणाला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळे बरोबर ऐकत होते. एका माणसाला चार मिनिटं लागत. सातव्याच्या वेळी फळी मधोमध उलली. अकराव्याच्या वेळी डोलकाठी हातभर कलली, आणि तेव्हापासून क्लॅरीनं तिच्याकडे बघणं बंद केलं. बघून ती सरळ होणार नव्हती. तेराव्यानं त्याच्या हातात एक ओली सिगरेट ठेवली. सोळावा रडत होता. त्याला ढकलून बसवावं लागलं.

उरले कप्तान आणि क्लॅरी.

रिकामी चड्डी परत आली. क्लॅरीनं तिच्याकडे हात केला. "तुम्ही आधी."

कप्तानानं नकाराची मान हलवली आणि तसाच हात क्लॅरीकडे केला.

"अहो, तुमचं वय काय, माझं काय! बसा."

कप्तानानं पायाखालच्या फळीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे. मग क्लॅरीकडे, मग दारातून पाहुण्याला निरोप द्यावा तसा किनाऱ्याकडे. एखाद्या दुकानाच्या दारात दोन सभ्य माणसांचं होतं, तसं ते दोघे 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत राहिले, आणि डोलकाठी आणखी हातभर कलली. शेवटी कप्तानानं क्लॅरीच्या दोन्ही काखांत हात घातले, त्याला पार्सलासारखा उचलला आणि चड्डीत टाकला. आठ स्टोन वजनाचे असेही तोटे असतात. वर त्यानं क्लॅरीचा मफलर काढून घेतला आणि दोनदा हलवला.

क्लॅरी कोरड्या बुटांनी परत आला. एनिड घोंगडी पसरून उभी होती.

"झालं? झालं ना?" ती म्हणाली.

"एक राहिलाय," क्लॅरी म्हणाला. चड्डी परत निघाली होती. घोंगडीला वळसा घालून तो ओढणाऱ्यांच्या रांगेत शेवटी, स्पडच्या मागे, उभा राहिला. स्पडनं अर्धं पाऊल पुढे सरून जागा केली.

मफलर दोनदा हललेला सगळ्यांनी पाहिला. कप्तान बसला. गसनं शिट्टी फुंकली आणि ते ओढायला लागले.

"इतकं जड असतं?" क्लॅरीनं विचारलं.

"तू हलका आहेस," स्पड मागे न बघता म्हणाला. "म्हणून तर तुला घेतला होता. ओढ."

क्लॅरी ओढत होता. खडकानं सोललेला खांदा आता पेटायला लागला होता, पण हातात माणसाचं वजन होतं. दोर आत येत होता, फूट फूट, आणि त्याच्याबरोबर ते वजन येत होतं. चष्म्याशिवाय त्याला दोरावरचा एक काळा ठिपका तेवढा दिसत होता. ठिपका मोठा होत होता.

"अर्ध्यावर आला," गस म्हणाला. "अर्ध्याच्या पुढे. ओढा रे, ओढा!"

डोलकाठी पडल्याचा आवाज वाऱ्यानं नेला असावा. कोणी तो ऐकला नाही. दोर पलीकडे तुटला, वजन एकदम गेलं आणि तेरा जण मागच्या मागे एकमेकांच्या अंगावर गवतात पडले. जत्रेतल्या रस्सीखेचीत पडतात तसे. कोणाच्या पायात कोणाचा पाय, गसची शिट्टी तोंडातून उडून बाजूला.

पहिला उठला तो क्लॅरी. त्यानं समुद्राकडे बघितलं. ठिपका नव्हता. जिथं जहाज होतं तिथं लाट फुटत होती, आणि लाट ओसरल्यावरही तिथं काही दिसत नव्हतं.

एनिडनं चष्मा पुढे केला. त्यानं तो घेतला नाही. त्यानं गवतातला दोर उचलला आणि ओढायला लागला.

स्पड उठला आणि त्याच्या पुढे उभा राहिला. मग गस. मग बाकीचे. मग कपबशी खाली ठेवून तो दाढीवाला आला, घोंगडीसकट, आणि क्लॅरीच्या मागे त्यानं दोर धरला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, सोळाच्या सोळा. घोंगड्या पायांत अडकत होत्या. दोर भिजलेला होता, तरी आता त्याच्यावर काही नव्हतं. एकट्या माणसानं तो सहज ओढला असता. एकोणतीस जण ओढत होते, हळू, हात बदलत, आणि त्याचं टोक वर यायची कोणालाच घाई नव्हती.